काडतूस कोण निवडतो? खडकीच्या दीडशे वर्षांतून लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा शोध

१/
लांब पल्ल्याची लक्ष्यवेधी रायफल बांधावयास घेणारा प्रत्येक नेमबाज जगात कोठेही एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतो : काडतूस कोणते? नळी, दस्ता, चाप, दुर्बीण या साऱ्या गोष्टी त्यानंतर येतात, कारण रायफल ही काडतुसाभोवती बांधली जाते. आजची सूत्रमालिका या प्रश्नाच्या इतिहासाविषयी आहे, आणि त्या इतिहासाचा एक मोठा दुवा आपल्या पुण्यात, खडकीत आहे.

२/
प्रथम शब्द पाहू. ‘काडतूस’ हा आपल्याकडे पोर्तुगीज ‘कार्तूशु’वरून आला. ‘बंदूक’ अरबी-फारसीच्या वाटेने आली. शब्दांचे हे दोन मार्ग दोन काळही दाखवतात. तोड्याच्या बंदुकीत दारू वेगळी, गोळी वेगळी आणि पेटती वात वेगळी असे. प्रत्येक बारासाठी दारू किती घ्यायची हे बरकंदाज हाताने ठरवी. काडतूस आले आणि दारूचे माप व गोळीचे वजन आधीच, दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या ठिकाणी ठरवून ठेवले. निवड सैनिकाच्या हातून निसटून कारखान्याकडे गेली ती येथेच. हा मुद्दा मनात ठेवा, पुढे तो पुन्हापुन्हा येईल.

३/
५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या माळावर बापू गोखल्यांची फौज आणि कंपनीची फौज समोरासमोर उभी राहिली. कंपनीच्या शिपायाच्या हातात ‘ब्राउन बेस’ होती : नळीचे माप पाऊण इंच, आतून गुळगुळीत. गोळी नळीपेक्षा बरीच लहान, म्हणजे ठासायला सोपी. परंतु ती नळीत आपटत आपटत बाहेर पडे. शंभर यार्डांपलीकडे एका माणसावर नेम धरणे व्यर्थ होते. आपल्याकडच्या लांब नळीच्या तोड्याच्या बंदुका अनेकदा यापेक्षा दूर मारीत, मात्र भरण्यास वेळ घेत. कंपनीने दूर जाणारी गोळी निवडली नव्हती. तिने मिनिटाला अधिक बार आणि सर्वांना एकच माप निवडले होते.

४/
अचूकतेसाठी गोळीला स्वतःभोवती फिरवावे लागते. भोवरा फिरता असेतो उभा राहतो, तसेच हे. नळीच्या आत मळसूत्री खाचा पाडल्या की गोळी फिरत बाहेर पडते आणि तिचे टोक पुढेच राहते. अडचण एकच होती : खाचांत घट्ट बसणारी गोळी तोंडाकडून ठासणे अतिशय कष्टाचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच अधिकारी मिनिए याच्या नावाने ओळखली जाणारी गोळी आली. ती ठासताना सैल असे, आणि बार होताच तिची पोकळ बैठक फुगून खाचांत घट्ट बसे.

५/
याच तत्त्वावर १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल बांधली गेली. नळीचे माप ०.५७७ इंच, गोळी ५३० ग्रेन म्हणजे सुमारे ३४ ग्रॅम. दारू आणि गोळी एका कागदी नळकांड्यात बांधलेली. शिपायाने कागद दाताने फाडायचा, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची. गोळीभोवतीच्या कागदाला वंगण लावलेले असे. ते वंगण नसते तर गोळी सुरळीत ठासली गेली नसती, आणि काही बारांनंतर जळक्या दारूच्या काजळीने नळी तुंबली असती.

६/
म्हणजे १८५७ च्या ठिणगीतील ती चरबी हा त्या काडतुसाचा तांत्रिक घटक होता. चरबी कोणत्या प्राण्याची, हे पुरवठ्याच्या व्यवस्थेत काटेकोरपणे बांधलेले नव्हते. दूरवर बसलेल्या तज्ज्ञांनी पल्ला मोजला, वेग मोजला, पण ते काडतूस कोणाच्या ओठांना लागणार आहे याचा हिशेब कोणी केला नाही. जानेवारी १८५७ मध्ये डमडम येथे कुजबूज सुरू झाली. शिपायांनी स्वतः वंगण लावावे, कागद दाताऐवजी हाताने फाडावा, अशा सवलती नंतर आल्या. तोवर विश्वास गेला होता. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात २७व्या देशी पलटणीने उठाव केला. काडतूस निवडताना वापरणाऱ्याला न विचारण्याची इतकी जबर किंमत इतिहासात क्वचितच मोजली गेली असेल.

७/
त्याच वर्षांत इंग्लंडमध्ये दुसरी एक निवड चालू होती. जोसेफ व्हिटवर्थ हा यंत्रनिर्माता. एन्फिल्डमध्ये सुधारणा करण्याचे काम त्याला दिले गेले आणि त्याने मूळ प्रश्नच नव्याने मांडला. गोळीचे वजन तेच ५३० ग्रेन ठेवले, नळी मात्र ०.४५१ इंचांची, षट्कोनी केली. वजन तेच, जाडी कमी, म्हणून गोळी लांब झाली. लांब गोळी स्थिर ठेवण्यास ती अधिक वेगाने फिरावी लागते. एन्फिल्डच्या खाचांचा एक फेरा ७८ इंचांत पूर्ण होई, व्हिटवर्थने तो २० इंचांवर आणला.

८/
येथे क्षणभर थांबू, कारण आजही काडतूस निवडताना हेच गणित पहिले येते. हवेला छेदताना गोळीला दोन गोष्टी उपयोगी पडतात : तिच्या आडव्या छेदाच्या मानाने अधिक वजन, आणि निमुळता आकार. लांब, सडपातळ, जड गोळी आपला वेग टिकवते. वेग टिकला की लक्ष्यापर्यंतचा वेळ कमी होतो. वेळ कमी झाला की गोळी खाली कमी पडते आणि वारा तिला बाजूला कमी ढकलतो. लांब पल्ल्यावर नेमबाजाचा खरा शत्रू वारा असतो. गोळी किती खाली पडेल हे कोष्टकात पाहता येते, वारा मात्र प्रत्येक बारापूर्वी वाचावा लागतो.

९/
चाचण्यांत व्हिटवर्थने लांब पल्ल्यावर एन्फिल्डला पुरते मागे टाकले. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डन येथे राष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या पहिल्या स्पर्धेचे उद्घाटन झाले, तेव्हा टेकणावर पक्की बांधलेली व्हिटवर्थ रायफल राणी व्हिक्टोरियाने दोरी ओढून उडवली. ४०० यार्डांवर गोळी केंद्रापासून सुमारे दीड इंचावर लागली. तरीही सैन्याने ती स्वीकारली नाही. किंमत कैकपट होती आणि नळी काजळीने लवकर तुंबे. स्पर्धेतील नेमबाज दोन बारांच्या मध्ये नळी पुसू शकतो, रणांगणावरील शिपाई नाही. लक्ष्यवेधी रायफल आणि लष्करी रायफल यांच्या वाटा येथून वेगळ्या होऊ लागल्या.

१०/
आता पुन्हा पुण्याकडे. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे आगगाडी धावू लागली आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ रुळांनी जोडला गेला. मुंबई बंदर आणि पुण्याची छावणी एका दिवसाच्या अंतरात आली. याच मार्गावरील खडकीत १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. ज्या माळावर पेशवाईचे भवितव्य बदलले, त्याच परिसरात, बावन्न वर्षांनी, साम्राज्याच्या काडतुसांचा कारखाना सुरू झाला.

११/
तो काळ काडतुसाच्या मोठ्या स्थित्यंतराचा होता. १८६६ मध्ये जुन्या एन्फिल्डची पाठ कापून तिला मागून भरण्याची सोय केली गेली आणि ‘स्नायडर’ जन्मली. तिच्यासाठी कर्नल बॉक्सरने पितळी पत्रा गुंडाळून काडतूस केले. आता दारू, गोळी आणि ठिणगी देणारी टोपी या तिन्ही गोष्टी एकाच पुंगळीत आल्या. पितळेचा गुणही मोलाचा : बार होताच पुंगळी फुगून नळीची मागची बाजू घट्ट बंद करते आणि दाब उतरताच आकसून मोकळी होते. आजचे प्रत्येक काडतूस याच गुणावर चालते.

१२/
१८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री आली. तिच्या पुंगळीचा तळ जाड, मान अरुंद. ८५ ग्रेन काळी दारू, ४८० ग्रेनची म्हणजे ३१ ग्रॅमची शिशाची गोळी. पल्ला वाढला, तसा खांद्यावरचा धक्काही वाढला. शिवाय सुदानच्या उष्ण, धुळीच्या रणात गुंडाळलेल्या पत्र्याच्या पुंगळ्या नळीत अडकून फाटू लागल्या. कागदावर उत्तम दिसणारे काडतूस हवामान बदलताच अडखळले. अखंड पितळेतून ओढून काढलेल्या पुंगळ्या हा त्यावरचा उपाय ठरला.

१३/
परंतु हिंदी शिपायाला या प्रगतीतले काय मिळाले? १८५७ नंतर देशी पलटणींसाठी १८५८ च्या नमुन्याची खास बंदूक केली गेली : दिसायला एन्फिल्डसारखी, पण नळी ०.६५६ इंचांची आणि आतून गुळगुळीत. म्हणजे मुद्दाम कमी पल्ल्याची. पुढेही धोरण हेच राहिले. गोऱ्या पलटणींना मार्टिनी मिळाल्यावर हिंदी पलटणींना स्नायडर, त्यांना मॅगझिन रायफल मिळाल्यावर यांना मार्टिनी. एक पिढी मागे. लांब पल्ला हा तंत्राचा विषय होता तितकाच सत्तेचाही. कोणाची गोळी किती दूर जावी, हे राज्यकर्ते ठरवीत होते.

१४/
१८७८ च्या शस्त्रकायद्याने हीच रेषा नागरी जीवनातही ओढली. हिंदी माणसाला शस्त्रासाठी परवाना बंधनकारक, युरोपियनांना सूट. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला. खडकीच्या कारखान्यात हजारो पुंगळ्यांवर हात फिरवणाऱ्या कामगाराला त्यांतील एकही काडतूस स्वतःजवळ बाळगण्याचा अधिकार नव्हता. लक्ष्यवेधाचा खेळ छावणीतील साहेबांचा, काडतूस तेवढे आपल्या हातचे.

१५/
१८८८ मध्ये इतिहासातील एक दीर्घायुषी काडतूस अवतरले : ०.३०३ इंच, आपल्या बोलीतील ‘थ्री नॉट थ्री’. गोळी २१५ ग्रेन, म्हणजे मार्टिनीच्या निम्म्याहून कमी वजनाची, टोक गोल, अंगावर धातूचे वेष्टन. आरंभी आत काळी दारूच दाबून भरलेली होती. काही वर्षांत तिची जागा धूर न करणाऱ्या कॉर्डाइटने घेतली. कॉर्डाइट इतके उष्ण जळे की मेटफर्डच्या उथळ खाचा लवकर झिजू लागल्या. म्हणून १८९५ मध्ये खोल खाचांची ली-एन्फिल्ड आली. पाहा, नळीने काडतूस घडवले नाही. काडतुसाने नळी बदलायला लावली.

१६/
नळीचे आयुष्य हा निवडीतील दुसरा मोठा घटक आहे. अधिक दारू आणि अरुंद नळी यांची जोडी म्हणजे अधिक वेग, आणि अधिक जळणारा घसा. आजही अतिवेगवान काडतुसे वापरणारा नेमबाज काही हजार, कधी त्याहूनही कमी बारांत नळी बदलतो. मध्यम वेगाची काडतुसे त्यापेक्षा बरीच अधिक साथ देतात. वेगाचे कर्ज फेडावे लागते, आणि ते नळी फेडते.

१७/
१८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धाने इंग्रजांना लांब पल्ल्याचा कठोर धडा दिला. बोअर शेतकऱ्यांच्या हातातील ७ मिलिमीटर माउझर रायफलीची गोळी अधिक सपाट मार्गाने जाई आणि दूरवरून अचूक लागे. ब्रिटिशांनी यातून दोन वाटा धरल्या. पहिली, जुन्याच पुंगळीत नवी गोळी : १९१० ची ‘मार्क सात’. १७४ ग्रेन, टोकदार, सेकंदाला सुमारे ७४४ मीटर. दुसरी, पूर्णपणे नवे काडतूस : ०.२७६ इंच, अधिक वेगवान. दुसरीच्या चाचण्यांत नळी तापे, झिजे, ज्वाळा मोठी निघे. ते दोष दूर होण्याआधीच १९१४ चे महायुद्ध पेटले आणि ती वाट बंद झाली. त्या रायफलीचा आराखडा मग ०.३०३ साठी वळवण्यात आला.

१८/
कारण तोवर ०.३०३ चे एक सबंध जाळे विणले गेले होते. रायफल बंगालमधील ईशापूरची, कॉर्डाइट निलगिरीतील अरुवनकाडूचे, काडतूस डमडमचे किंवा खडकीचे. जुन्या पुंगळ्यांच्या तळावर ‘के’ आणि ‘एफ’ ही रोमन अक्षरे व मध्ये बाणाचे चिन्ह आढळते : ‘के’ म्हणजे किर्की, आपली खडकी. एवढ्या कारखान्यांची यंत्रे, मापे आणि साठे एका काडतुसाभोवती उभे राहिले की त्याहून चांगले काडतूस सापडूनही उपयोग नसतो. उत्तमाला उपलब्धाने हरवण्याचे हे शास्त्रशुद्ध उदाहरण.

१९/
एकाच नावाची दोन काडतुसे मात्र एक नसतात. मार्क सहाची गोळी जड आणि संथ, मार्क सातची हलकी आणि वेगवान. एकीसाठी आखलेली माशी-खाच दुसरीसाठी खोटे सांगते. १९१४ च्या शरदात लाहोर व मेरठ डिव्हिजन मार्सेल्स बंदरात उतरल्या, तेव्हा त्या हिंदी सैनिकांच्या हातातील सरावाच्या रायफली काढून घेऊन मार्क सातसाठीच्या नव्या रायफली व काडतुसे देण्यात आली. ज्या रायफलीशी वर्षानुवर्षे हात जुळला होता ती गेली, आणि थोड्याच दिवसांत फ्लँडर्सचा चिखल समोर आला. लक्ष्यवेधातला जुना नियम त्यांना रणात शिकावा लागला : काडतूस बदलले की नेम पुन्हा पहिल्यापासून जुळवावा लागतो.

२०/
पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन त्याच वर्षी मेसोपोटेमियात गेली. तिच्यातील १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी पुढे कूटच्या वेढ्यात सापडल्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. तेथे प्रश्न कोणते काडतूस उत्तम हा उरला नव्हता. अन्न आणि औषध किती दिवसांचे, हाच उरला होता. काडतुसांच्या चर्चेत आपण आकडे फार बोलतो. त्या आकड्यांच्या मागे रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची माणसे उभी होती, याची आठवण असावी.

२१/
शांततेच्या काळात हेच ०.३०३ इंग्लंडातील बिस्लीच्या मैदानावर हजार यार्डांचे स्पर्धेचे काडतूस झाले. तेथे एक चमत्कारिक गोष्ट नेमबाजांच्या ध्यानी आली. ली-एन्फिल्डची झडप मागच्या बाजूने अडकते, त्यामुळे बार होताना तिची नळी विशिष्ट प्रकारे लवते. परिणामी किंचित संथ गोळी थोड्या वरच्या कोनात सुटते आणि किंचित वेगवान गोळी थोड्या खालच्या. लांब अंतरावर दोन्ही जवळजवळ एकाच जागी पोहोचतात. म्हणून जवळच्या पल्ल्यावर ताठर नळीच्या रायफली सरस ठरत, तर हजार यार्डांवर ही ‘लवचीक’ रायफल त्यांच्या बरोबरीने, कधी पुढेही असे. काडतुसाचा दोष रायफलीने झाकला. दोघांचा विचार वेगवेगळा करता येत नाही, तो यासाठी.

२२/
स्वातंत्र्यानंतर लक्ष्यवेध हा भारतीयांचा खेळ व्हावा, असे ज्यांना वाटले त्यांत एक मराठी नाव अग्रभागी आहे : लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे ते संस्थापक अध्यक्ष. आजही राष्ट्रीय स्पर्धेपूर्वीची अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा त्यांच्या नावाने भरते. ज्या देशात शस्त्र हे परक्या सत्तेच्या संशयाचे कारण होते, तेथे नेमबाजी शिस्तीचा खेळ म्हणून रुजवण्याचा हा प्रयत्न होता.

२३/
कायद्याची एक जुनी रेषा मात्र टिकली : लष्करी मापाची काडतुसे सामान्यतः खासगी हातांत नकोत. ०.३०३ नागरिकाला वर्ज्य, म्हणून येथे ०.३१५ इंचांचे काडतूस रुजले. त्याचे मूळ ऑस्ट्रियाच्या जुन्या ८ मिलिमीटर मानलिखर लष्करी काडतुसात. मायदेशी ते केव्हाच इतिहासजमा झाले, भारतात मात्र परवानाधारकांसाठी खडकीत तयार होत राहिले. लांब पल्ल्याच्या दृष्टीने त्यात विशेष काही नाही. ते टिकले, कारण कायद्याने त्याला जागा ठेवली. जगातील नेमबाज काडतूस निवडताना वारा आणि वेग यांचा विचार आधी करतात, आपल्याकडे नियमावली आधी उघडावी लागते.

२४/
१९५४ मध्ये पाश्चिमात्य राष्ट्रांनी ७.६२ × ५१ मिलिमीटर हे समान काडतूस ठरवले. १९६२ च्या युद्धानंतर भारतानेही ते स्वीकारले. एसएलआर त्यासाठीच होती आणि ईशापूरने जुन्या ली-एन्फिल्डचा घाट ठेवून तिलाही या काडतुसासाठी नव्याने बांधले. त्याचेच नागरी भावंड ०.३०८ विंचेस्टर. बिस्लीसह जगभरच्या लक्ष्यवेधी स्पर्धांत तेच प्रमाण ठरले. त्याच्या १५५ ग्रेनच्या खास स्पर्धा-गोळ्या अशा आकारल्या गेल्या की हजार यार्डांवरही त्यांचा वेग आवाजाच्या वेगाखाली जाऊ नये. आवाजाची सीमा ओलांडताना हवेचा दाब बदलतो, गोळी डळमळते आणि नेम विस्कटतो.

२५/
यानंतरचे वळण पुन्हा पुण्यात घडले. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या आणि आज पाषाण येथे असलेल्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने ५.५६ मिलिमीटर काडतुसासाठी इन्सास रायफल विकसित केली. तर्क वजनाचा होता. ७.६२ चे एक काडतूस सुमारे २४ ग्रॅम, ५.५६ चे जवळपास निम्मे. तेवढ्याच ओझ्यात सैनिक दुप्पट काडतुसे नेतो आणि धक्काही सौम्य. मोबदल्यात दूरवरची ताकद कमी होते. २०१९ मध्ये अमेरिकेकडून ७२,४०० रायफली मागवल्या, त्या पुन्हा ७.६२ × ५१ च्या. २०२४ च्या जानेवारीत याच संस्थेची ‘उग्रम’ समोर आली, तीही त्याच मापाची. लंबक साठ वर्षांत एक फेरी मारून परतला.

२६/
क्रीडाजगतात मात्र नवे वारे वाहत आहेत. २००७ मध्ये अमेरिकेत ६.५ क्रीडमूर हे काडतूस खास लक्ष्यवेधासाठीच आखले गेले. गोळी साधारण १४० ग्रेन, ०.३०८ पेक्षा सडपातळ. धक्का कमी, वाऱ्याचा परिणाम कमी. त्यातील तत्त्व नवे नाही. १८९० च्या दशकातील स्वीडनचे ६.५ × ५५ तेच सांगत होते, आणि त्याआधी व्हिटवर्थ तेच सांगत होता : वजन राखा, जाडी कमी करा, वेगाने फिरवा. दीडशे वर्षांत पितळ, दारू आणि यंत्रे सुधारली. भूमिती तीच राहिली.

२७/
आणि आपल्याकडचे विजय? ते लहानशा ०.२२ काडतुसाने आले आहेत. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. कोल्हापूर जिल्ह्याचेच स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात ऑलिम्पिक कांस्यपदक मिळवले. त्यांच्या सरावाचे एक महत्त्वाचे ठिकाण म्हणजे पुण्यातील बालेवाडी. या काडतुसाची गोळी ४० ग्रेनची, स्पर्धेसाठीची मुद्दाम आवाजाहून संथ. लांब पल्ल्याची गोळी आवाजाची सीमा ओलांडून खाली येऊ नये म्हणून वेगवान ठेवतात. ही गोळी ती सीमा मुळात गाठूच नये म्हणून संथ. प्रश्न एकच, उत्तरे दोन.

२८/
येथे माप नियमाने ठरलेले, म्हणून निवडीचा प्रश्न आणखी बारीक होतो. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांचे दोन गट त्याच नळीतून वेगळे वागतात. म्हणून अव्वल नेमबाज आपली नळी पक्क्या टेकणावर बांधून एकेका उत्पादन-गटाचे बार काढतात, छिद्रांचा विस्तार मोजतात आणि सर्वांत दाट पुंजका देणारा गट क्रमांक पाहून साठवून ठेवतात. १८१७ चा शिपाई, १८५७ चा शिपाई, १९१४ चा शिपाई यांपैकी कोणालाही जी निवड कधी मिळाली नाही, ती अखेर नेम धरणाऱ्याच्या हाती आली आहे.

२९/
तर मग लांब पल्ल्यासाठी काडतूस कोणते? इतिहास नाव सांगत नाही, प्रश्नांचा क्रम सांगतो. अंतर किती? तेथे पोहोचेपर्यंत गोळी आवाजाहून वेगवान राहते का? वाऱ्यात किती सरकते? धक्का साठ-सत्तर बार सोसवेल का? नळी किती टिकेल? तेच काडतूस, त्याच गुणवत्तेचे, पाच वर्षांनीही मिळेल का? कायदा व स्पर्धेचे नियम काय म्हणतात? व्हिटवर्थ पहिल्या तीन प्रश्नांत जिंकला आणि उरलेल्यांत हरला. थ्री नॉट थ्री पहिल्या तीनांत मध्यम, पण पुरवठ्याच्या प्रश्नात अजिंक्य ठरले. ज्याची त्याची कसोटी वेगळी, म्हणून निकालही वेगळा.

३०/
खडकीचा कारखाना आजही चालू आहे. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सार्वजनिक कंपनीत आहे आणि तिचे मुख्यालयही पुण्यातच आहे. मुंबईहून पुण्याला येताना खडकी स्थानक मागे पडते, तेव्हा एक गोष्ट जरूर आठवा. कोणत्याही जुन्या पुंगळीच्या तळावरील अक्षरे वाचली की ती कोठे व केव्हा झाली हे कळते. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यापुढचा प्रश्न विचारायचा : ती कोणासाठी झाली, आणि ती निवडताना कोणाला विचारले गेले नाही?

संग्रहालयात एखादी बंदूक पाहिलीत तर तिच्या शेजारी ठेवलेले काडतूसही पाहा. बहुतेक वेळा ते कोपऱ्यात, लहानशा पाटीसह असते. गोष्ट तेथूनच सुरू होते. सूत्रमालिका समाप्त.